घाटमाथ्यावरून काय दिसतं

नाल्डवाइक,
एप्रिलचा शेवटचा रविवार

प्रिय लिस्बेत,

तुझं पत्र ईस्टरच्या आधीच आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं, ते स्वयंपाकघराच्या खिडकीत टेकवून ठेवलं, कॉफी केली, प्यालो, कप धुतला आणि मग फोडलं. आई असती तर म्हणाली असती, पत्र आहे ते, चावणार नाही. इतक्या वर्षांनी तू लिहिलंस याचा मला आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी नेहमीसारखा रस्त्यांबद्दलच बोलत बसणार. जूनमध्ये तू आणि एव्हर्ट मोटारसायकलवरून आल्प्समध्ये जाताय, जोडीने पहिल्यांदाच, आणि आपण दोघांनी तेव्हा आखलेला रस्ताच तुला हवाय. वर ‘तुझी हरकत नसेल तर’ असंही लिहिलंस. हरकत कसली. नकाशा सोबत ठेवलाय. तू जे जे विचारलंस त्याची उत्तरं मला झोपेतून उठवलं तरी देता येतील. एकाच प्रश्नाशी अडलो. ‘स्टेल्वियोच्या माथ्यावर पोचल्यावर समोर नेमकं काय दिसतं रे? तू तर आतापर्यंत कितीदा जाऊन आला असशील.’ तो शेवटी घेतो.

आधी तुझ्या नवऱ्याचं बघू. दोन मीटर उंचीचा दातांचा डॉक्टर मागे बसणार आणि गाडी तू चालवणार, हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. तू परवाना काढलास हेही मला माहीत नव्हतं. त्याला सांग, वळणावर तू ज्या बाजूला कलशील त्याच बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, बस, अंग आपोआप कलतं. घाबरून ताठ बसला तर तुला गाडी वळवताना घाम फुटेल. आता तुला कळेल मी ‘बटाट्याचं पोतं हो, पोतं’ असं का ओरडायचो. ‘पोत्याला हेल्मेट कशाला, काढून ठेवते,’ असं म्हणून तू फुरंगटायचीस. उतारावर त्याने तुझ्या कमरेला लोंबकळू नये, टाकीवर हात टेकून आपलं वजन आपण सांभाळावं. सामान निम्मं करा, आणि मग त्याच्या निम्मं करा. केस वाळवायचं यंत्र नको. मागच्या वेळी त्यावरून आपण पूर्ण एक संध्याकाळ घालवली होती, आणि शेवटी मीच हरलो होतो.

आणि दोन थापा विसरू नका. मागे बसणाऱ्याने खांद्यावर दोन थापा मारल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे बसलो, चल. हा नियम का केला ते एव्हर्टला सांगितलंस का? सांग त्याला, हसू दे. पेट्रोल भरून मी निघालो ते थेट डेल्फ्टच्या वेशीपर्यंत तुझ्याशी गप्पा मारत गेलो, तू काहीच बोलत नाहीस म्हणून वैतागलोसुद्धा, आणि तू तिकडे पंपावर खारट गोळ्यांची पुडी हातात घेऊन उभी. परत आलो तेव्हा अर्धी पुडी संपली होती. ‘गप्पा छान झाल्या का?’ एवढंच विचारलंस. त्यानंतर तुझ्या थापांशिवाय मी गाडी कधी हलवली नाही.

आपल्याकडे चढ म्हणावा असा एक कालव्यावरचा पूल, त्यामुळे घाटाची तालीम करायची कुठे, हा प्रश्न होता. स्टेशनमागच्या त्या चार मजली पार्किंगचा गोल चढ ही कल्पना तुझी होती, मी आजही मोटारसायकल क्लबात सगळ्यांना सांगताना ती माझी म्हणून सांगतो. रविवारी सकाळी इमारत रिकामी. मजल्यांना आपण घाटांची नावं दिली होती, पहिला मजला हानटेनयॉख, दुसरा टिमेल्सयॉख, तिसरा उम्ब्राइल आणि गच्ची म्हणजे स्टेल्वियो. आपण घाट चढून वर जायचो, कठड्याशी बसून चॉकलेटचे दाणे पसरलेला पाव खायचो आणि समोर मैलोगणती टोमॅटोची काचघरं उन्हात चमकत असायची. तू त्यांना हिमनद्या म्हणायचीस. पहारेकरी कोस पहिल्यांदा धापा टाकत वर आला तेव्हा केवढा संतापला होता. ‘हे पार्किंग आहे, सर्कस नाही.’ पुढच्या महिन्यात तोच खालून ओरडायला लागला, ‘आज वर बर्फ आहे, जपून जा,’ आणि थर्मास घेऊन यायचा. कोस गेला ग, दोन हिवाळे झाले. शेवटी भेटलो तेव्हाही विचारत होता, ते तुझं पोतं काय करतंय.

रस्त्याचं सांगतो. जर्मनीतला सपाट भाग एका दमात संपवू नका, पाठी मोडतात आणि मग डोंगर समोर आला तरी नीट बघवत नाही. हानटेनयॉख रविवारी नको, सगळं जग तिथेच असतं. आणि पाऊस पडून गेला असेल तर तिथे दगड येतात रस्त्यावर. टिमेल्सयॉखचं फाटक रात्री बंद होतं, म्हणून दुपारीच ओलांडा. पलीकडे इटलीच्या बाजूचा रस्ता अरुंद आहे, बोगद्यात दिवे कमी आणि पाणी ठिबकतं, काळा चष्मा आत शिरण्याआधी काढायचा. मेरानोनंतर सफरचंदाच्या बागांतून जाताना कंटाळा येईल, येऊ दे. स्टेल्वियोच्या पायथ्याशी प्राडला मुक्काम करा आणि सकाळी लवकर चढायला लागा, बसगाड्या निघायच्या आत. वळणांवर दगडात आकडे कोरल्यासारखे लावलेत, खालून अठ्ठेचाळीसपासून उलटे मोजत जायचे. एक आला की माथा. डावीकडे वळताना आतल्या बाजूला बघू नकोस, वरच्या रस्त्यावर बघ. बघशील तिकडे गाडी जाते.

नकाशा जुनाच पाठवतोय, आपला. काही रस्त्यांचे नंबर बदललेत, ते शाईने दुरुस्त केलेत. पेन्सिलीची रेघ तुझी आहे. मेरानोवरचा कॉफीचा डागही तुझाच, मी उगाच कोणाचं नाव घेत नाही.

आपण त्या वर्षी निघालो असतो तर, असा विचार मी फार करत नाही. फार म्हणजे रोज नाही. बॅगा दारात भरून ठेवल्या होत्या आणि बाबा आमच्या काचघरात टोमॅटोच्या रांगेत पडले. तू मोटारसायकलचे बूट घालूनच काचघरात शिरलीस आणि तो पूर्ण आठवडा आईच्या बरोबरीने टोमॅटो खुडलेस. बाबांची उजवी बाजू गेली होती, बोलताही येत नव्हतं, तरी तुझ्या बुटांकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तुला माहीत नसेल. तू तेव्हा खोकी उचलत होतीस. पुढच्या जूनमध्ये जाऊ म्हणालो. पुढच्या जूनमध्ये आईची कंबर. त्याच्या पुढच्या वर्षी गारांनी अर्धी काच फोडली. घाट उघडतात ते नेमके जूनमध्ये, आणि टोमॅटोही जूनमध्येच अंगावर येतात, त्याला कोण काय करणार. मग तुला ग्रोनिंगनच्या इस्पितळात नोकरी लागली. तू म्हणालीस, शनिवार-रविवार येत जा. मी म्हणालो, बघतो. आपण भांडलो असतो तर किती बरं झालं असतं. भांडण मिटवता तरी येतं. आपलं तर काही मोडलंच नाही, नुसतं दर वर्षी पुढे ढकललं गेलं. तुझ्या लग्नाची बातमी आईने सायकलवरून उतरता उतरता सांगितली, आणि मी विचारलं, बटाटे आणलेस का.

तू विचारलंस की क्लबात मी सगळ्यांना रस्ते आखून देतो हे खरं का. खरं आहे. शुक्रवारी रीतकाकूच्या कॅफेत बसतो आम्ही. सुरुवात एका नवराबायकोपासून झाली. त्यांना पहिल्यांदाच डोंगरात जायचं होतं, मी आपला रस्ता सांगितला, ते परत आले आणि माझे हात धरून म्हणाले, अगदी तू सांगितलंस तसंच होतं. मग दुसरे आले, तिसरे आले. जो जाऊन येतो तो मला खडी कुठे आहे, सूप कुठे चांगलं मिळतं, ते सांगतो, आणि मी पुढच्याला सांगतो. गावात नवं जोडपं मोटारसायकल घेतं तेव्हा दुकानदारच त्यांना माझ्याकडे धाडतो. परतताना प्रत्येक जण माझ्यासाठी घाटाचं स्टिकर आणतो. माझ्या कपाटातला एक खण त्या स्टिकरांनी भरत आलाय. नियम तुला ठाऊक आहे, स्वतः चढल्याशिवाय गाडीच्या सामानपेटीवर चिकटवायचं नाही. क्लबातल्या डिर्कने एकदा पंपावरून विकत घेऊन चिकटवलं तर पूर्ण हिवाळाभर लोक त्याला ‘काय डिर्क, पंप किती उंचावर आहे?’ असं विचारत होते. माझ्या पेट्या कोऱ्या आहेत. रीतकाकू नव्या लोकांना कौतुकाने दाखवते, बघा, एवढा फिरलेला माणूस, पण दिखावा म्हणून नाही. मी कॉफीत बघत राहतो.

आता तुला अंदाज आलाच असेल. तू नेहमीच माझ्या आधी ओळखायचीस.

बाबा गेल्यावर काचघरं शेजाऱ्याला विकली. आई त्याआधीच गेली होती. मग अडवायला कुणी उरलं नाही. सप्टेंबर होता. गाडी काढली, मागच्या सीटवर तंबू बांधला आणि आपल्या रस्त्याने नाही, मोठ्या हमरस्त्याने तडक प्राडला गेलो. म्हटलं बाकीचे घाट राहू देत, आधी स्टेल्वियो. वाटेत मनात एकच होतं, वर बर्फ पडलं असू दे, फाटकावर ‘बंद’ लिहिलेलं असू दे. असं कोण मागतं? पाटीवर ‘उघडा’ लिहिलं होतं. आभाळ निळंशार. खाणावळीत कॉफी घेतली, वाढणारी बाई म्हणाली, आजच्यासारखा दिवस वर्षातून चारदा मिळत नाही, लवकर जा. मी गाडीवर बसलो. इंजिन चालू केलं. क्लच दाबला, गिअर टाकला, आणि थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. ती बाई दारात येऊन बघायला लागली, काही बिघडलंय का, तिने विचारलं. मी म्हणालो, नाही, सगळं ठीक आहे. लिस्बेत, मी दोन थापांची वाट बघत होतो. मागे तंबू आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी तुझ्या थापा पडल्याशिवाय माझा हात क्लच सोडेना. शेवटी सोडला तो गाडी उलटी फिरवायला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की वरून काय दिसतं ते मला माहीत नाही. लोक सांगतात ते सांगू शकलो असतो, शब्द तोंडपाठ आहेत, दोन वेळा लिहूनही बघितलं आणि दोन्ही वेळा फाडलं. बाकी जगाला मी वाटेल ते वाटू दिलंय, पण तुला नाही. मी आतापर्यंत एकच स्टेल्वियो चढलोय, आणि त्यावरून काचघरं दिसतात. तू जा. एव्हर्ट चांगला माणूस वाटतो, मागे बसायला तयार होणारा माणूस चांगलाच असणार. वर पोचलात की पोटभर बघा, वाटलं तर मला लिहून कळव. फक्त एक कर. माझ्यासाठी सगळेच आणतात तसं तिथलं स्टिकर तू आणू नकोस. बाकी कुठल्याही घाटाचं आण, खणात जागा आहे. ते एक मात्र माझं मला आणायचं आहे. आणीन की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पण तू आणू नकोस.

तुझाच लिहू नये असं आता वय आणि रीत दोन्ही सांगतात, पण हात जुन्या रस्त्यानेच वळतो, तेव्हा

तुझाच,
बास्तियान