बाप्यांनी बाहेर थांबायचं

आबा, धाकट्याचं ऑपरेशन झालं. छातीचं. तुमचं झालं होतं तेच, फक्त तुमची डावी बाजू होती, त्याची उजवी. गाठ काखेपर्यंत पोचलीय. आता पुढं केमो आहे, आणि डॉक्टर बोलताना माझ्याकडं न बघता टेबलावरच्या काचेकडं बघतात. काल पुरता शुद्धीवर आल्यावर त्यानं पाणी मागितलं आणि त्यानंतर काय बोलला असेल? "आक्का, गावाकडं हार्टचं म्हणून सांग." तुमचाच शब्द, तुमच्याच आवाजात.  मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसता त्याच्या ओठांवर ओला कापूस फिरवला. गावात काय सांगायचं ते तुम्ही एकदा ठरवून दिलंत आणि आम्ही मुकाट्यानं ऐकलं. आता पुन्हा तेच सांगायचं का, हे मला ठरवायचंय. आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय माझं काही ठरत नाही, ही खोड तुम्हाला ठाऊक आहे.

मी माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. वडूजचं ऊन, आणि आई न्हाणीच्या दगडावर तुमचं बनियन चोळत बसलेली. मला बघून तिनं ते उलगडून दाखवलं. "हे बघ गं, ह्यांच्या बनेनला रोज हितंच डाग पडतोय. इचारलं तर वसकत्यात." तुम्ही पलटणीतून हवालदार म्हणून परत आलात आणि साखर कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला लागलात, तेव्हा तुमच्या खांद्यावरून छातीवर आडवा पट्टा असायचा. सगळं खापर त्या पट्ट्यावर. "पट्टा घासतोय, दुसरं काय न्हाई." रात्री हळद आणि तेल लावायचं, सकाळी पुन्हा पट्टा चढवायचा. जेवताना मी विषय काढला, तर तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात टाकलात आणि माझ्यावर डाफरलात, "मी काय बाईमाणूस हाय का, छातीच्या गाठीला भ्यायला?" आई चुलीपुढून उठलीच नाही. ती गाठ हाताला लागल्याचं तिनं मला आधीच सांगितलं होतं, बोराएवढी, टणक. तुम्ही तिला पुन्हा हात लावू दिला नव्हतात.

तरी मी तुम्हाला मिरजेला नेलंच. तो दिवस मला अजून समोर दिसतो. भिंती गुलाबी. भिंतीवर हसरी आई आणि तिची हसरी लेक, खाली लिहिलंय, मैत्रिणींनो, स्वतःकडे लक्ष द्या. बाकावर सगळ्या बायका, आणि त्यांच्या मधोमध इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तुम्ही, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. शेजारची बाई आईला विचारते, "कधीपासून आहे हो तुम्हाला?" आई पदराचं टोक पिळत गप्प. ती गप्प का, ते त्या बाईला कळत नाही, ती बिचारी धीर देत बसते. तेवढ्यात दारातली मावशी ओरडते, "बायकांनी आत या. बाप्यांनी भाईर थांबायचं!" आणि तुम्ही, जन्मभर हुकमाबरहुकूम चाललेले तुम्ही, उठलात आणि सरळ बाहेर गेलात. आत पेशंटचा पुकारा चाललाय आणि पेशंट रस्त्यावरच्या गाड्यावर कटिंग पितोय. मी धावत आले तर म्हणालात, "बाप्यांनी भाईर थांबायचं म्हणली की ती." मला हसू आवरेना. तुम्हीही हसलात, चहा सांडला. आबा, त्यानंतर आपण दोघं मिळून कधी हसलो नाही.

आत त्यांनी तुम्हाला नाड्यांचा फुलाफुलांचा झगा दिला. तो तुम्ही घातला नाहीत. "बर्फात रायफल घिऊन हुबा ऱ्हायलोय मी," एवढंच म्हणून उघड्या अंगानं त्या यंत्रापुढं गेलात. सगळे कागद हातात आल्यावर डॉक्टर माझ्याकडं वळले. रक्तातून येतं, म्हणाले, मुलीनं दर वर्षी तपासून घ्यायचं. मुलगा आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. आणि आम्ही तिघं तिथं बसलो होतो, आम्हालाही सुचलं नाही हो. मी मात्र दर वर्षी जाते. त्या खोलीत मला कोणी बाहेर थांबवत नाही.

ऑपरेशननंतर परतताना मिरजेच्या स्टँडवर तुम्ही हुकूम सोडलात. गाडी लागायची होती, आई मोसंबी घ्यायला गेली होती. "हे बघ पोरी, गावात हार्टचं सांगायचं. तालमीतली पोरं हसत्याल, हवालदार बायकांच्या रोगानं मेला म्हणत्याल. आन धाकट्याला तर अजाबात न्हाई. त्यो तिकडं पलटणीत ड्यूटीवर हाय, त्येच्या जिवाला घोर नगो." तुम्ही रडला असतात तर मी वाद घातला असता. पण तुम्ही रडला नाहीत, तुम्ही माझा हात धरलात. लहानपणी जत्रेत धरायचात तसा.  तुम्ही गेलात तेव्हा चौकातल्या फलकावर तुमचा पलटणीतला फोटो होता आणि खाली हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन. धाकटा सुट्टी काढून आला, त्यानं अग्नी दिला आणि फलकावरचं ते वाक्य मनाशी धरून परत गेला.

आणि धरलं ते कसं! त्या दिवसापासून त्यानं काळजाची राखण सुरू केली. तेल मोजून, अंड्यातलं पिवळं बाजूला, मटणाच्या रश्श्याकडं पाठ. पेन्शनवर आला, इथं सांगलीत बँकेच्या दारावर नोकरीला लागला, तरी पहाटे उठून मैदानावर पळायचा. बायको चिडायची, तर म्हणायचा, "आमच्या घराण्यात हार्टचं हाय, तुला काय ठावं." दर वर्षी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढून घ्यायचा आणि मला फोन करून सांगायचा, आक्का, एकदम ओके. खरंच ओके होतं, आबा. त्याचं काळीज घोड्याचं आहे, परवा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत. मला किती वेळा वाटलं सांगून टाकावं. पण तुमचा हात आठवायचा. शिवाय तेव्हा मलाही खरंच वाटत होतं की हे झालं ते तुमच्यापुरतं, आणि पुढं येईल ते माझ्याकडं, बाईकडं.

आता ज्या दिवशी हे उघडं पडलं तो दिवस. मी शाळेत शिकवते, आणि इथल्या महिला मंडळातही आहे. आम्ही दर वर्षी गुलाबी फेरी काढतो. बायकांच्या छातीच्या तपासणीची गाडी खेडोपाडी फिरवायची, तिच्यासाठी देणग्या. सगळं गुलाबी, फुगे, फेटे, सरबतसुद्धा. पुरुषांनाही सदरे देतो, त्यावर छापलेलं असतं, मी तिच्यासाठी धावतोय. तिच्यासाठी म्हणजे आईसाठी, बहिणीसाठी, बायकोसाठी, आणि गाडीवर मोठ्या अक्षरात, फक्त महिलांसाठी. बाप्यांनी धावायचं आणि द्यायचं. मी अध्यक्षबाईंना तुमची हकीकत विश्वासानं सांगितली होती. त्या म्हणाल्या, "अहो, मग बोला की स्टेजवर! फक्त एक करा. वडील नका म्हणू, आई म्हणा. वडील म्हटलं की लोक गोंधळतात, कोणी फिदीफिदी हसतं. आई म्हटलं की हात आपोआप खिशात जातो." मी म्हटलं, माझी आई जिवंत आहे. "मग काय झालं? त्या कुठं ऐकायला येणार आहेत?" बाई वाईट नाहीत, आबा. त्या गाडीमुळं किती जणी वेळेवर सापडल्यात, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण चांगल्या कामासाठी जित्या आईला मारायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. बघू, म्हणाले.

फेरीला धाकटाही आला. पळायला मिळतंय म्हटल्यावर तो कशाला सोडतोय. विश्रामबागेतून निघाला आणि पोराटोरांच्या पुढं आमराईत पोचला, घामानं निथळत, सरबताचा पेला हातात. गुलाबी सदरा अंगाला चिकटलेला, तिच्यासाठी ही अक्षरं ओली, आणि त्यांच्या बाजूला रुपयाएवढा तांबूस डाग. मी बोट दाखवलं. "घासलंय गं. कापड हलकं हाय तुमच्या मंडळाचं."  नेमकं तेव्हाच माइकवर माझं नाव पुकारलं. स्टेजवर कशी चढले ते आठवत नाही. मी म्हटलं, "माझ्या वडलांना छातीचा कॅन्सर होता." मागच्या रांगेत कोणी तरी खुसखुसलं. आणि निवेदक, गोड आवाजाचा, पटकन माइक ओढून म्हणाला, "म्हणजे आईंना. मॅडम जरा भावुक झाल्यात." टाळ्या पडल्या, आबा. एवढ्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या.

मी खाली उतरले, धाकट्याला दंडाला धरून गाडीपाशी नेलं. आतली पोरगी म्हणाली, "सर, इथं फक्त लेडीजचं होतं." तो माझ्याकडं बघून हसला, आक्काला उन्हाचं लागलंय असं त्याला वाटलं. मग तिथंच, गाडीच्या चाकाशेजारी उभी राहून मी त्याला सगळं सांगितलं. पट्टा, मिरज, स्टँड, सगळं. "आबांना अटॅक आलता," तो म्हणाला. "नव्हता आला रे." "आईला म्हाईत हाय?" "आहे." त्यानं हातातला कागदी पेला चुरगाळला. मग म्हणाला, "म्हंजे येडा म्या एकटाच. मग एवढी वर्षं म्या कशापायी पळतोय?" त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही सांगा. हुकूम तुमचा होता.

तुमच्यावर राग आहे, तो कमी करून लिहिणार नाही. तुम्ही हसण्याला भ्यालात. गोळीला न भिणारा माणूस तालमीतल्या चार पोरांच्या हसण्याला भ्याला आणि त्यापायी पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून गेला. पण नुसते तुम्हीच का? डॉक्टर, मंडळ, तो निवेदक, त्या भिंतीवरची हसरी आई, सगळ्यांनी मिळून तुम्हाला दाराबाहेर उभं केलं आणि तुम्ही इमानानं उभे राहिलात.

आज सकाळी थोरल्या काकूंचा फोन आला. गावात बातमी पोचलीच होती, अर्धी. "काय गं, धाकट्याला काय झालं? हार्टचंच न्हवं? बापाचंच आलं म्हणायचं." आबा, मला काही करायचंच नव्हतं, नुसतं व्हय म्हणायचं होतं. खोटंसुद्धा काकूंनीच शिजवून ताटात वाढलं होतं. आणि दुखणं त्याचं, अंग त्याचं, ते गावभर करायचा मला काय अधिकार, हेही मनात आलं. पण काकूंचे तिघं मुलगे, धाकट्याची दोन पोरं, सगळे तुमच्याच रक्ताचे. मी म्हटलं, "न्हाई काकू. छातीचा कॅन्सर आहे. आबांनापण तोच होता."  पलीकडून हळूच, "आगं बया. बाप्यांना कुठं आसतंय ते?" "असतं. तुमच्या पोरांना सांगा, छातीला हात लावून बघत जा म्हणावं." काकूंनी व्हय म्हटलं नाही, फोन ठेवला.

धाकट्याला मी सांगितलं, गावात कळवलंय म्हणून. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. दुपारपासून माझ्या हातचं पाणी घेत नाही, बायकोच्या हातचं घेतो. बोलेल तेव्हा बोलेल. हे पत्र आधी त्याला वाचून दाखवायचं म्हणत होते, पण आता तेही नको, आणि तुमच्याकडं पाठवायला तर वाटच नाही. तेव्हा ते पिशवीतच राहील. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं, बाकी कोणाला सांगणार नाही. काकूंना ते सांगायच्या आधी मी उठले, आणि शेजारच्या खाटेवरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून फोन घेऊन बाथरूममध्ये गेले. कडी लावली, नळ सोडला, आणि मग बोलले.