डावा हूक कुणाचा

अण्णा, डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे मला अजून चटकन सांगता येत नाही. साठी जवळ आली, केस पिकले, तरी रिक्षात बसले की तोंडाने "लेफ्ट, लेफ्ट" म्हणते आणि हात दाखवते उजवीकडे. रोजचा रिक्षावाला आता शहाणा झालाय, माझं ऐकत नाही, हाताकडे बघतो. हे सगळं आज वर आलं त्याला कारण घडलं. आम्ही आता हेब्बाळला राहतो, तळ्याच्या बाजूला, आठव्या मजल्यावर. आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याहून आलेला एक कॉम्प्युटरवाला राहतो. त्याने नवी कोरी जीप घेतलीय आणि तिच्या नाकाशी लालभडक दोन हूक बसवून आणलेत. "काकू, फ्रंट रिकव्हरी पॉइंट आहेत हे! गाडी चिखलात रुतली की इथे दोर लावून ओढायची," असं तो पार्किंगमध्ये मला समजावून सांगत होता. मला! मग तो म्हणाला, "फक्त डावा जरा हलतोय असं वाटतं." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डावा म्हणजे कुणाचा डावा? तुझा की गाडीचा?" तो खो खो हसला. मला हसू आलं नाही. वर आले, कुकर लावला, आणि शिट्ट्या किती झाल्या ते विसरून हे लिहायला बसले.

तुम्हाला माहीतच आहे, मी जन्माची डावरी. जेवताना डावा हात ताटाकडे गेला की आई उलथन्याचा दांडा माझ्या बोटांवर टेकवायची. मारायची नाही हं, नुसता टेकवायची, पण तो तापलेला असायचा. तुम्ही पाटावरून म्हणायचात, "बिडे, सोड गं, राहू दे, दोन्ही हात तिचेच आहेत की." आई म्हणायची, "सासरी गेल्यावर तुमच्या नावाने खडे फोडतील." शेवटी मी उजव्या हाताने जेवायला, लिहायला शिकले, पण डोकं काही उजवं झालं नाही. कुणी "डावा हात" म्हटलं की आत काहीतरी अडखळतं, अर्धा क्षण जातो, आणि मग जे उत्तर येतं ते देव जाणे बरोबर असतं की चूक. डिप्लोमा पास झाले तेव्हा तुम्ही घड्याळ आणलंत, काळ्या पट्ट्याचं, जरा मोठंच. माझ्या मनगटावर स्वतः बांधलंत आणि म्हणालात, "पुट्टी, पोरी, हे वेळ बघायला नाही. डावा हात ओळखायला." शेजारणी बसल्या होत्या, सगळ्या हसल्या. मला राग आला होता. पण अण्णा, त्या घड्याळाइतका उपयोगी पडलेला दुसरा दागिना माझ्याकडे नाही.

डिप्लोमा करून मी नोकरी न शोधता तुमच्याच गॅरेजच्या शेडमध्ये आले, तेव्हा सगळं यशवंतपूर बघायला आलं असं मला वाटायचं. मागे कांद्याबटाट्याची मंडई, पुढे आपली पत्र्याची शेड, आणि मध्ये मी, सलवार-कमीझवर तुमचा जुना खाकी शर्ट घातलेली. बाकीच्या गॅरेजांत ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड असं म्हणत. तुम्हाला ते चालायचं नाही. आपल्याकडे लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेल्या जुन्या जीपा असायच्या, त्यांचं स्टिअरिंग डावीकडे. ड्रायव्हरची बाजूच गाडीगणिक बदलायची. एकदा मी स्प्रिंगचं ब्रॅकेट भलत्याच बाजूला लावून ठेवलं, तेव्हा चारचौघांत तुम्ही मला जीपच्या सीटवर बसवलंत. "पुढे बघ. आता डावा हात वर कर." मी घड्याळ बघून हात वर केला. "हे गाडीचं डावं. गाडीपुढे उभं राहून डावं-उजवं ठरवायचं नाही. ते आपलं असतं, गाडीचं नसतं. सरी? कळलं?" मी म्हटलं, "सरी." डोळ्यांत पाणी आलं होतं, पण नियम कायमचा बसला. म्हणजे, बसला असं मी लोकांना सांगत आले.

मग ती देवनहळ्ळीकडची जीप आली. मालकाचा द्राक्षांचा मळा होता, तळ्याच्या पोटातून वाट होती, आणि दर पावसाळ्यात गाडी तिथे रुतायची. "मुंदे एरडु कोक्के हाकिकोडी, स्वामी," मालक कानडीत म्हणाला, म्हणजे पुढे दोन हूक लावून द्या. आधी कुणीतरी बंपरलाच एक कडी डकवून दिली होती, ती तुम्ही हाताने हलवून दाखवलीत. "बंपर शोभेचा. ओढ बसायला हवी ती चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर." आणि मालकाला बजावलंत, की दोर नेहमी दोन्ही हुकांतून घ्यायचा, म्हणजे भार वाटला जातो, एकावर सगळा येऊ द्यायचा नाही. त्याने मान डोलावली. ती जीपही डाव्या स्टिअरिंगचीच. दोन हूक, माणसं दोन, म्हणून एकेक वाटून घेतला. आपण गाडीच्या नाकासमोर उकिडवे बसलो, खांद्याला खांदा लावून. घड्याळ मी काढून खिशात ठेवलं होतं, आणि मनगटावर पट्ट्याखालचा जो पांढरा भाग राहतो ना, तिथे तुमचं कोपर सारखं लागत होतं. हे मला लख्ख आठवतं. मग नट आवळायला आपण पाठीवर निजून, डोकं आधी घालून, गाडीखाली सरकलो, आणि तुम्ही माझ्या दुसऱ्याच हाताला आलात. जागा कुणीच बदलली नव्हती, अण्णा! बाहेर बसलं की सगळं उलटं, खाली निजलं की सुलटं. मी तेव्हा तुम्हाला हे बोलूनही दाखवलं, आणि तुम्ही तेलकट हाताने माझ्या डोक्यावर टपली मारलीत.

माझ्या बाजूला एक बोल्ट जात नव्हता. हुकाच्या पट्टीचं भोक आणि चासीचं भोक केसभर सरकलं होतं. कानस घेऊन बसायला हवं होतं. मी काय केलं? डब्यातून एक नंबर बारीक बोल्ट घेतला, साधा, बंपरचा, डोक्यावर ताकदीचा आकडा नसलेला, आणि तोच घालून आवळला. वरून मोठं वायसर टाकलं, बघणाऱ्याला काही कळू नये असं. उद्या बदलू, असं मनात म्हटलं. पण मालक त्याच दुपारी हार-नारळ घेऊन हजर झाला, हुकांना कुंकू लावलं आणि गाडी घेऊन गेला. मी काय बोलणार? "थांबा, माझा एक बोल्ट चुकीचा आहे," एवढंच बोलायचं होतं. तुम्ही त्याला हसून निरोप देत होतात.

तीन आठवड्यांनी तो बसने आला. गाडीशिवाय. जीप तळ्यात रुतली होती, ट्रॅक्टर बोलावला, ट्रॅक्टर तिरका उभा होता म्हणून दोर एकाच हुकाला लावला, आणि ओढ बसली तसा हूक उपटून दोरासकट उडाला. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाच्या हातावर बसला. "एडगडेदु कित्तुकोंडु बंतु," मालक पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. डावीकडचा निघून आला. तुम्ही त्याला विचारलंत, "एडगडे म्हणजे, सीटवर बसून?" तो म्हणाला हो, सीटवर बसून, माझ्याच बाजूचा. बोल्ट? बोल्ट चिखलात गेले. तो माणूस देवनहळ्ळीच्या दवाखान्यात होता, हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मालक गेल्यावर तुम्ही स्टुलावर बसलात आणि मला विचारलंत, "पुट्टी, तुझा कुठला होता?" मी म्हटलं, "उजवा, अण्णा." तुम्ही म्हणालात, "म्हणजे डावा माझा." आणि स्वतःचा हात समोर धरून, उलटासुलटा करून बघत राहिलात.

त्या माणसाचा हात कोपरातून पुन्हा सरळ झाला नाही. तुम्ही कितीतरी रविवार बस बदलून त्याच्याकडे गेलात, आईने दिलेला डबा घेऊन. एकदा मला म्हणालात, "तूही चल." मी डोकं दुखतंय म्हटलं. तिथे जाऊन तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला आईकडून कळलं. "माझ्या हाताला आता कळेनासं झालंय," असं सांगितलंत. तुम्ही! नट आवळताना डोळे मिटून घेणारे तुम्ही! त्यानंतर आपल्या शेडमध्ये एक नवीनच गोष्ट सुरू झाली. तुम्ही आवळलेला प्रत्येक बोल्ट मला दाखवायला लागलात. "पुट्टी, एकदा बघ." साधा आरशाचा स्क्रू असला तरी, "एकदा बघ." मी पान्हा लावायचे, तो जागचा हलायचा नाही, आणि मी म्हणायचे, "सरी आहे, अण्णा." तुम्ही मान डोलवायचात. पुढे पुढे तर तुम्ही हूक, चासी असली जोखमीची कामं घेणंच बंद केलंत. गिऱ्हाईक परत जायचं. आणि दोनेक वर्षांत शेडच बंद केलीत. लोकांना सांगितलंत, वय झालं.

आता माझा घोळ कुठे होतो ते ऐका. इतकी वर्षं मी हेच उलटसुलट करत आलेय आणि डोकं नुसतं भणभणतं. "एकदा बघ" म्हणायचात ते खरंच स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला म्हणून? की ते मला शिकवणं होतं? कारण त्या निमित्ताने रोज वीसदा माझा हात पान्ह्यावर जायचा, बारीक बोल्ट कुठला आणि जाड कुठला हे बोटांना पाठ झालं, आणि त्यानंतर माझ्या हातून एकही बोल्ट चुकला नाही. तुम्ही त्यातल्या एखाद्या रविवारी मळ्यात जाऊन जीप बघितली होतीत का? बघितली असेल तर गाडीचा उजवा हूक तिथेच होता, दोन्ही जाड बोल्टांनी बसलेला, आणि स्वतःचं काम तुम्ही ओळखलं नसतंत हे शक्यच नाही. मग तुम्हाला सगळं माहीत होतं. मग शेड का बंद केलीत? आणि बघितलीच नसेल, तर तुम्ही शेवटपर्यंत खरंच मानलंत की तुमच्या हाताने दगा दिला. यातलं कुठलं मला बरं वाटेल, हेही मला कळत नाही. आईला एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यांनी मला कधी गाडीतलं काही सांगितलंय का?" तीही गेली. तुम्ही गेलात त्या आठवड्यात तुमचे हात माझ्याच हातात होते, तेव्हा विचारायचं होतं. मी तुमची नखं कापत बसले, त्यांत अजून काळं तेल होतं.

मघाशी पुन्हा खाली जाऊन आले. त्या शेजाऱ्याच्या जीपपुढे उकिडवी बसले, गुडघे कुरकुरले. गाडीचाच डावा निघाला सैल. त्याच्याकडून पान्हा मागून घेतला आणि आवळला. तो म्हणाला, "काकू, तुम्ही हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "अण्णांकडे." मग मागे सरून मी त्याला म्हटलं, "एकदा बघ." कुकरचा भात करपलाय, घरभर वास आहे. हे कागद घड्याळाच्या जुन्या डबीखाली ठेवून देईन. पत्ता लिहू म्हटलं तर यशवंतपूरच्या शेडचाच हाताला येतो, आणि तिथे आता चार मजली फर्निचरचं दुकान आहे.

एकच राहिलं. मघापासून मी घोळ, घोळ म्हणतेय ना, तो बाकी सगळ्याबद्दल खरा आहे. पण तुम्ही स्टुलावर बसून विचारलंत, "तुझा कुठला होता?" तेव्हा घड्याळ माझ्या मनगटावर होतं. मी ते बघितलं. तुम्हीही मला बघताना बघितलंत. तुमचं कोपर ज्या हाताला लागत होतं तो हा, घड्याळाचा, डावा. म्हणजे गाडीकडे तोंड करून बसल्यावर तिची उजवी बाजू तुमची, आणि माझा हूक दुसऱ्या हाताला, गाडीचा डावा. एवढं सगळं मला तिथेच कळलं, अण्णा, अर्धा क्षणही लागला नाही. आणि कळल्यावर मी "उजवा" म्हटलं.