काविळीचा पाला

नंदनवन, नागपूर
१९७९

तीर्थरूप बाबाले गोपिकाचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहो. आत्याबाई दोन्ही वेळ पोटभर जेवू घालते. आयचे गुडघे आता कसे आहेत?

आमच्या कॉलेजच्या लॅबमधले वैरागडे सर आजकाल मले स्वतःहून चहा पाजून राहिले. तुम्ही काविळीवर देता त्या पाल्यातलं कडू तत्त्व त्यायले वेगळं काढायचं आहे. झाडाचं नाव विचारलं. मी म्हटलं, नाव सांगितलं तर औषधाचा गुण जाते, म्हणून बाबानं घरातही कोणाले सांगितलं नाही. ते हसले, अन् लगेच आपल्या कुहीच्या बसचा टाइम विचारला. काहून?

आता म्हणतात, बायकोले कावीळ झाली, तिच्यासाठी औषध न्यायले येतो. काल बाई बाजारात दिसल्या. डोळे दुधासारखे पांढरे, अन् हातात गरम भज्यांचा पुडा!

दारी आलेल्याले तुम्ही नाही म्हणत नाही, हे त्यायले पक्कं माहीत आहे. म्हणून औषध द्या, पण पाल्याचा रस काढून, समोर बसवून पाजा. पाल्याची पुडी बांधून देऊ नका, ती सरळ लॅबमध्ये जाईल.

बाई सोबत नसल्या, तर सरलेच वाटीभर पाजा. वरून गूळ देऊ नका.

तुमची गोपिका