जेन्ट्स घड्याळ

आई, शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे घड्याळवेडे लोक जमतात. बिबवेवाडीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी दोन खोल्या घेतल्या आहेत. तिथे जुनी, महागडी, परदेशी घड्याळं विकत घ्यायची आणि विकायची, हा आता माझा धंदा आहे. तुला हे ठाऊक नाही, कारण तू गेलीस तेव्हा मी कॉम्प्युटरच्या कंपनीत होते आणि तिथूनच रिटायर होईन अशी तुझी खात्री होती. तर परवाच्या शनिवारी आयटीतल्या एका मुलाने सगळ्यांना विचारलं, तुमचं पहिलं घड्याळ कोणतं? एकाने आजोबांचं सांगितलं, एकाने पहिल्या बोनसमधून घेतलेलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आमचं नव्हतंच ते. आणि अर्धाच दिवस होतं." सगळे हसले, त्यांना वाटलं मी नेहमीसारखं तिरकं बोलतेय. मग मी सांगत गेले आणि कपातला चहा निवून गेला. घरी आल्यावर वाटलं, हे तुला सांगायला हवं. तू तिथे होतीस हे खरं, पण मला ते कसं दिसलं हे तुला कुठे माहीत आहे.

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की बाबा कारखान्यात ओव्हरटाइमला जायचे आणि आपण दोघी कॅम्पात जायचो. तुझ्या अंगावर तीच पांढरी साडी. बाकीच्या आया सराफाच्या काचेपुढे थांबायच्या, तू घड्याळवाल्याच्या काचेपुढे. तुझं लग्नातलं घड्याळ हरभऱ्याच्या दाण्याएवढं. वेळ बघायची तर मनगट नाकापाशी न्यावं लागे. पाटबंधारे खात्यात दिवसभर टाइप करताना मान न वळवता वेळ दिसावी, एवढीच तुझी मूळची इच्छा होती. पण काचेतली ती घड्याळं बघता बघता इच्छा कुठल्या कुठे गेली. तू त्यांच्या कडा बघायचीस, काट्यांची टोकं बघायचीस, आणि आकडे बसवणाऱ्याने किती सुबक बसवलेत म्हणायचीस, एखाद्या नेटक्या टाइप केलेल्या कागदाबद्दल बोलावं तशी.

एका रविवारी तू काचेचा दरवाजा ढकलून सरळ आत गेलीस. मी तेव्हा दहावीत असेन. आत गार हवा, गल्ल्यावर शेठ, आणि आपल्याशिवाय कुणी नाही. काळ्या डायलचं, स्टीलच्या पट्ट्याचं एक दणकट घड्याळ दाखवून तू म्हणालीस, हे घालून बघायचंय. शेठनी आधी साडीकडे पाहिलं, मग चपलांकडे, मग म्हणाले, "मॅडम, ते जेन्ट्स आहे. लेडीज त्या बाजूला."

"घड्याळाला काय कळतंय," तू म्हणालीस.

शेठ किल्ली घेऊन उठले. मी तुझा पदर ओढत कुजबुजतेय की चल, आपल्याला परवडणार आहे का ते, आणि तू ते मनगटावर चढवून हात लांब धरून बघते आहेस, जवळ आणून बघते आहेस, कानाला लावते आहेस. झाल्यावर ते काढून दोन्ही हातांनी परत दिलंस, छान आहे म्हणालीस, आज घ्यायचं नाही म्हणालीस. बाहेर आल्यावर मला ऐकवलंस. परवडत नाही ते घ्यायचं नाही, पण बघायचं नाही असं तुला कुणी सांगितलं? आणि दुकानात कुजबुजू नकोस, विचारायचं ते मोठ्याने विचार. तो तुझा ओरडा मी धंद्यात रोज वापरते.

मग तो रिवाजच झाला. वर्षाची पगारवाढ लागली की तू म्हणायचीस, चला, बघून येऊ. शेठ पहिल्या वर्षी नुसतेच किल्ली घेऊन उठले, दुसऱ्या वर्षी खुर्ची पुढे करायला लागले. पुढे तर नवीन आलेला माल तुझ्यापुढे मखमलीवर मांडून म्हणायचे, घ्यायचं नसलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी दाखवतो, ते नीट बघतं. तू सगळी बघायचीस, पण शेवटी ते काळ्या डायलचं मागायचीस. पाणबुडे वापरतात तसलं होतं ते, पाण्यातही चालतं असं शेठ सांगायचे. त्याची किंमत तुझ्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त होती आणि याचं तुला यत्किंचितही वाईट वाटत नसे.

तू रिटायर झालीस त्या थंडीत आपण गेलो. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. शेठनी विचारलं, ऑफिसने काय दिलं? भिंतीवरचं घड्याळ, तू म्हणालीस. "वेळेवर पोचायचं काम संपल्यावर," शेठ म्हणाले, आणि उठून ते काळ्या डायलचं काढलं. छोट्या हत्याराने पट्ट्याच्या दोन कड्या काढल्या, तुझ्या मनगटावर अडकवलं, कड्या खिशात टाकल्या. "घालून हिंडून या. आठला शटर ओढतो."

मला वाटलं तू नको म्हणशील. तू विचारलंस, "आणि नाही आले तर?"

"इतकी वर्षं न घेता येताय. आज घेऊन पळाल तरी कुठे."

कुठे जायचं हे तू दारातच ठरवलं होतंस. पाण्यातलं घड्याळ आहे, पाण्याकडे नेऊ. स्वारगेटहून आपण खडकवासल्याची बस धरली. बस निम्मी रिकामी, पण तू बसायला तयार नाहीस. डावा हात वर करून दांडी धरून उभी, म्हणजे पदर मागे घसरतो आणि घड्याळ सगळ्यांना दिसतं. एका माणसाने वेळ विचारली तेव्हा तू त्याला सेकंदांसकट सांगितलीस आणि त्यानेही गंभीरपणे मान डोलावली. धरणावर पेरूच्या फोडी तिखटमीठ लावून घेतल्या. उन्हात डायल चमकत होती आणि तू खाताना मुद्दाम डावाच हात वापरत होतीस.

मग तू पाण्यापाशी उतरलीस, साडी गुडघ्यापर्यंत खोचलीस आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातलास. मी तुझा दंड धरला. ते बिघडलं असतं तर आपण आयुष्यभर शेठचं देणं फेडत बसलो असतो. तू वाकून पाण्यातल्या हाताकडे बघत होतीस, लहान मुलीसारखी. "अगं," तू म्हणालीस, "खालीही तेवढेच वाजलेत." ते ऐकून मी इतकी हसले की दगडावर बसकण मारली, आणि तू माझ्यावर पाणी उडवलंस, त्याच हाताने.

येताना धायरी फाट्यापाशी वरात. बस हलेना. पुढे बँड आणि नवऱ्याचा घोडा, मागे आपली बस. अंधार पडत चालला होता आणि तुझ्या मनगटावर आकडे हिरवे उजळायला लागले होते. तू एकदा ते बघायचीस, एकदा वरात. शेवटी उतरून आपण नाचणाऱ्यांमधून वाट काढत चाललो, पुढे रिक्षा मिळाली. शेठनी पोलिसात वर्दी दिली असेल असं मी रिक्षात म्हटलं, तर तू म्हणालीस, देतील तर कुणाविरुद्ध देतील, नाव कुठे माहीत आहे त्यांना माझं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि शेठ बाहेर स्टुलावर बसले होते. तू धापा टाकत विचारलंस, "किती वाजले?"

"तुमच्याच हातात आहे."

तू काढून दिलंस. त्यांनी दिव्याखाली धरलं, पट्ट्याच्या फटीतलं पाणी बोटाने टिपलं. "भिजवलंत?"

"तुम्ही खरं बोलता का ते बघितलं."

शेठना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज न करता, खांदे हलवत, बराच वेळ हसले. मग रुमालाने पुसून त्यांनी ते घड्याळ स्वतःच्या हातावर चढवून बघितलं. दोन कड्या कमी, बसतंय कसलं. तसंच अर्धवट अडकवून ते आपल्याला निरोप द्यायला चौकापर्यंत आले. घरी जाताना मी विचारलं, हात रिकामा वाटतोय का. तू म्हणालीस, हलका वाटतोय, ठेवून घेतलं असतं तर रात्रभर कुलूप तपासत बसले असते.

ते मॉडेल पुढे धंद्यात माझ्याकडे दोनदा आलं. लोकांना वाटतं मी ठेवून घेतलं असेल. दोन्ही वेळा विकलं, आणि घेणाऱ्याचा चेहरा बघून खूश झाले. मला ती घड्याळं येण्याजाण्यातच आवडतात. विकणारा ते टेबलावर ठेवताना जे सांगतो ते ऐकायला आवडतं, घेणारा पहिल्यांदा बाही सरकवतो ते बघायला आवडतं. माझ्याकडे कुणीही यावं, काहीही घालून बघावं, न घेता जावं. परवा तुझी गोष्ट संपली तेव्हा त्या आयटीतल्या मुलाने स्वतःच्या घड्याळावरचं प्लास्टिक सगळ्यांसमोर सोललं. दोन वर्षं ते त्याने काढलं नव्हतं. ओरखडा पडला तर काय, म्हणाला. मी म्हटलं, मग ते तुझं होईल.

आणि आता एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात मी स्वतःसाठी एक घेतलं. निळी डायल, त्यात चंद्राची कोर दिसते अशी बारीकशी खिडकी. ह्यांनी, म्हणजे तुझ्या जावयाने, किंमत विचारली. मी सांगितली, ते 'बरं' म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. सांगितली त्यात एक शून्य कमी होतं. तुला तरी खरा आकडा सांगावा म्हणून आज लिहायला बसले होते. एवढं सगळं लिहून झालं, हे कुठेही पोचणार नाही हेही कळतं, पण आकड्यापाशी पेन थांबलंय. तुलाही मी ते शून्य गाळूनच सांगितलं असतं.