गाडीतली तुझी जागा

प्रिय ताई,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आशागडहून डहाणू रोडला पत्र टाकायचं तरी कशाला? रिक्षात बसलं की तुझ्या दारात. पण आज मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि तुझ्या दाराला कुलूप आहे, म्हणून हे लिहिणं. उद्या सकाळी तुझी लेक मंजिरी माझ्याकडे उत्तर मागायला येणार आहे. तिला हो म्हणू की नको म्हणू, ते तुझ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय मला ठरवता येईना.

गेल्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. मंजिरी आणि जावई केतन अमेरिकेहून त्यासाठीच आले होते. सगळं रीतसर पार पडलं, तुझ्या आवडीची अळूवडीही केली. माणसं जेवून घरोघरी गेल्यावर मंजिरी भांडी पुसता पुसता मला म्हणाली, की मावशी, मे महिन्यात तू आमच्याकडे ये. तंबू घेऊन आम्ही पुन्हा गाडीनं फिरायला निघतोय आणि गाडीत मागे आईची जागा रिकामीच आहे.

किती सहज म्हणाली गं! इतकी वर्षं ज्या जागेवर माझा डोळा होता, ती मला मिळते आहे कधी, तर तू उठून गेल्यावर. लहानपणी तुझा फ्रॉक आखूड झाला की तो माझा व्हायचा. तुझी पुस्तकं, तुझी कंपासपेटी, तू सासरी गेल्यावर तुझी खिडकीजवळची जागा. आईला वाटायचं, धाकटीचं सगळं आपोआप भागतं. आता या वयात गाडीतली सीटसुद्धा तुझी वापरलेलीच घ्यायची का मी?

मला तुझा हेवा वाटायचा, ताई. वाटायचा कसला, वाटतोच. माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात, पण तू काही परकी नाहीस.

तुला भूगोलात कधी गोडी नव्हती. सातवीच्या परीक्षेत तू गोदावरी अरबी समुद्राला नेऊन मिळवली होतीस, आठवतं? आणि मी गंजाडच्या शाळेत नोकरीभर फळ्यावर उत्तर अमेरिका काढत राहिले. रॉकी पर्वताला तपकिरी खडू कधी मिळायचा नाही, म्हणून नारिंगी वापरायचे. मिसिसिपी कुठून निघते, मोठी सरोवरं कोणती, मुलांना तोंडपाठ होतं. मी खडू झटकून घरी यायचे, आणि तू त्या पर्वतात खुर्ची टाकून चहा प्यायचीस! पहिल्या वेळी परत आल्यावर तू मला विचारलंस, 'शैलू, तो रॉकी की काय म्हणतात, तो आपल्या पुस्तकात होता का गं?' मी त्या दिवशी तुझ्याकडे जेवायला थांबले नाही.

आणि तुझं ते सांगणं! तू आलीस की ज्येष्ठ नागरिक मंडळाचा हॉल भरायचा. अर्ध्या बायका गुजराती, अर्ध्या आपल्या. तू दोन्हीत बोलायचीस, मधूनच इंग्रजी शब्द टाकायचीस. डहाणूच्या त्या घामट हवेत तू ते लाल जाड जाकीट घालून उभी राहायचीस, का तर म्हणे त्याशिवाय थंडी कळत नाही. मैलोन् मैल एकही घर नसलेला रस्ता, तंबूच्या दाराशी येऊन उभं राहिलेलं हरीण, पहाटे गरम पाण्याचे फवारे सोडणारी जमीन. मी तिसऱ्या रांगेत बसायचे. सगळ्या हसल्या की हसायचे.

सगळ्यात जास्त टाळ्या घ्यायची ती बोंबलांची गोष्ट. अस्वलांचं जंगल. तिथला नियम असा, की वास येणारी एकही वस्तू तंबूत ठेवायची नाही. खाणंपिणं, साबण, अगदी टूथपेस्टसुद्धा बाहेरच्या लोखंडी पेटीत. तू शहाण्यासारखं सगळं पेटीत ठेवलंस. सुके बोंबील तेवढे ठेवले नाहीस, कारण पेटी उघडायचा केतन, आणि गुजराती शाकाहारी जावयासमोर सासूच्या सामानातून बोंबील निघाले तर काय राहिलं! म्हणून ते तू उशीच्या अभ्र्यात घातलेस आणि त्यावर डोकं ठेवून झोपलीस. अस्वलांच्या जंगलात! सकाळी जंगलखात्याचा गणवेशातला माणूस फेरीला आला, तुमच्या तंबूपाशी थबकला, नाक वर केलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. तू उशी छातीशी धरून उभी. त्यानं हात पुढे केला तरी तू उशी सोडेनास. तेव्हा केतन हळूच म्हणाला, "मम्मी, मने तो एरपोर्टथी ज खबर हती." बिचाऱ्याला विमानतळापासून वास येत होता आणि तो इतके दिवस गप्प होता.

हॉलमध्ये बायका डोळे पुसायच्या हसून हसून. पण मला सांग, ते बोंबील कोणाचे होते? चिंचणीला जाऊन, कोळणीशी हुज्जत घालून, एकेक वाकवून बघून कोणी घेतले होते? डोकी-शेपट्या काढून, गच्चीवर पुन्हा दोन उन्हं दाखवून, तव्यावर शेकून, कागदात गुंडाळून कोणी दिले होते? दर वर्षी मीच ना? तुझ्या गोष्टीत अस्वल होतं, केतन होता, तो गणवेशवाला होता. मी नव्हते. एकदा मी न राहवून जागेवरूनच म्हटलं, की बोंबील माझे होते. तू म्हणालीस, 'हो गं बाई, तुझेच,' आणि पुढे गेलीस.

आणायचीस काय माझ्यासाठी? फ्रिजला चिकटवायची चित्रं. दर खेपेला एक नवीन डोंगर, नाहीतर दरी, नाहीतर धबधबा. आता माझ्या फ्रिजच्या दारावर जागा उरली नाही. आमचे हे चेष्टेनं म्हणतात, आपला फ्रिज अमेरिका फिरून आलाय. मी त्यांना म्हणते, फ्रिज तरी आला.

तुझी लेक तिकडे गेली, माझा नितीन तारापूरला कंपनीत लागला. त्याच्याकडे जायला एस.टी. पुरते. तो मला बोलावतो, सून चांगली आहे, माझी तक्रार नाही. पण तू पहिल्यांदा जाऊन आलीस त्यानंतर मी गुपचूप पासपोर्ट काढून घेतला होता, हे तुला माहीत नव्हतं. वाटायचं, पुढच्या खेपेला तू म्हणशील, शैलू, चल. त्या पासपोर्टची मुदत संपली, आतली सगळी पानं कोरी. तू का नाही म्हणालीस गं? एकदा तरी?

आता खरं भांडण सांगते.

काल आम्ही सगळे तलासरीला शेतावर गेलो होतो, दादाकडे. भात झोडून झालंय, पोती भरून ठेवलीत. मंजिरीनं तुझा तंबू बरोबर आणला होता, कारण वहिनी कधीची म्हणत होती, की वन्सं कापडाच्या घरात झोपायच्या तरी कशा, ते बघायचंय. केतन खळ्यात तंबू मांडायला लागला. लोखंडी खुंट्या काढल्या, हातोडी शोधू लागला, तेवढ्यात दादा धावत आला. "खळ्यात खुंटी नाय ठोकायची. सारवलंय ते." अमेरिका पालथी घातलेला जावई हातात खुंटी घेऊन तसाच उभा! मग दादानंच तंबूच्या चारी दोऱ्या भाताच्या पोत्यांना बांधल्या. तंबू मस्त ताठ राहिला. तू असतीस तर यावर पुढचा महिनाभर हॉल गाजवला असतास.

वहिनीनं बाहेरूनच बघितलं आणि कपाळाला हात लावला. मी मात्र आत गेले. ऊन वर आलं होतं, आत घामाच्या धारा लागल्या. सगळं हिरवं हिरवं दिसत होतं. उशाशी कापडाला एक छोटा खिसा शिवलेला आहे. मंजिरी म्हणाली, आईचा चष्मा त्यात असायचा. मी माझा चष्मा काढून त्यात ठेवला आणि आडवी झाले. म्हटलं, बघू तरी काय थाट होता बाईसाहेबांचा. पाठीखाली खळ्याची जमीन टणक लागत होती.

मंजिरी दाराशी बसली होती. मी तिला म्हटलं, तुझी आई इथे येऊन तुमच्या अमेरिकेचं इतकं सांगायची, की मला तिथले रस्ते पाठ झालेत. तर ती म्हणाली, "आणि तिकडे काय सांगायची माहितीये? तुझं."

मला वाटलं, माझं मन राखायला बोलते आहे. पण तिनं सगळं सांगितलं. संध्याकाळी शेजारपाजारच्या तंबूंतली माणसं एका शेकोटीभोवती बसतात, जो तो आपापलं काही सांगतो. तू अमेरिकेचं कोणाला सांगणार? ती माणसं तिथलीच. मग तू मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझं सांगायचीस. अडलीस की मंजिरीला विचारायचीस. गंजाडच्या ओढ्याला पाणी आलं होतं तेव्हा मी मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून पलीकडे नेलं, ते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना मी वर्गाबाहेर थांबवून ठेवलं, कारण पोरं कविता म्हणत होती, ते. टेक्सासचा कोणी म्हातारा आणि त्याची बायको दुसऱ्या दिवशी सामान आवरता आवरता तुझ्याकडे आली आणि विचारू लागली, शैलूचं पुढे काय झालं?

"आई म्हणायची," मंजिरी म्हणाली, "मी एवढी फिरले, पण शैलूबरोबर डहाणूच्या बाजारात गेलं की दर दुकानापाशी कोणीतरी 'बाई, ओळखलंत का' म्हणून पाया पडतं. मला बाईंची बहीण म्हणतात. मला हेवा वाटतो तिचा. आणि मी हॉलमध्ये सांगते ना, ते तिला जळवायलाच. तिचं तोंड उतरलं की जरा बरं वाटतं."

मी तंबूतून बाहेरच येईना. मंजिरीला वाटलं, मला उन्हानं चक्कर आली. ती पाणी घेऊन आली, वहिनी कांदा घेऊन आली. त्यांना काय सांगू? मला रडू येत होतं आणि तुझा असा राग येत होता, की तू समोर असतीस तर तुझं ते जाकीट ओढलं असतं.

टेक्सासच्या म्हाताऱ्याला सांगितलंस! त्याला गंजाड कुठे आहे ते तरी माहीत होतं का? आणि मी इथे, रिक्षाच्या अंतरावर. सणाला, बाजाराला, दवाखान्यात, सगळीकडे तुझ्याबरोबर. तुझ्या शेवटच्या आजारपणात आपण दोघी दिवसभर त्या खोलीत होतो. पंख्याच्या आवाजाबद्दलसुद्धा बोललो. हे का नाही बोललीस? आतापर्यंत मला तुझा हेवा वाटायचा. कालपासून मला त्या म्हाताऱ्याचा वाटतोय, त्याच्या बायकोचा वाटतोय, त्या शेकोटीभोवती बसलेल्या एकेकाचा वाटतोय. त्यांनी ते तुझ्या तोंडून ऐकलं. मला ते तुझ्या मुलीकडून, तू गेल्यावर ऐकावं लागलं.

तर आता ऐक, मी काय ठरवलं आहे ते.

मंजिरीचा बेत असा, की आई जिथे जिथे गेली तिथे तिथे मावशीला न्यायचं. मी तिला उद्या सांगणार आहे, की येते, पण त्या रस्त्यानं नाही. ज्या रस्त्यावर तुझ्या आईचं पाऊल पडलं नाही, असा काढ. दोन दिवस जास्त लागले तर लागू देत. सीट तुझी चालेल, ताई. रस्ता मला कोरा हवा. नितीनला सांगते, उद्याच नव्या पासपोर्टचा अर्ज भरून टाकू. व्हिसा मिळेल न मिळेल, ते पुढचं पुढे.

आणि मिळालाच, तर तुला माझा शब्द आहे. संध्याकाळी अनोळखी माणसं शेकोटीभोवती बसली, की मी त्यांना तुझ्याबद्दल सांगेन. तू किती छान सांगायचीस, सगळ्या हॉलला कशी धरून ठेवायचीस, तुझ्याशिवाय मला डहाणूच्या बाजारात जावंसं वाटत नाही, हे सगळं. आजवर तुला एकदाही न म्हटलेलं. एक शब्द गाळणार नाही. ती माणसं ऐकतील, हसतील, दुसऱ्या दिवशी सामान आवरताना तुझी चौकशी करतील. आणि तुला त्यातलं काहीही ऐकू येणार नाही.

मग कळेल तुला, कसं वाटतं ते.

तुझी,
शैलू