हिरव्या पाठीची पुस्तकं

४ फेब्रुवारी

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? सोबत एक पत्रक आहे. एक मार्चपासून मुख्य वाचनालयात आणि सगळ्या शाखांत पुस्तकं शोधायची नवी प्रणाली येतेय. वाचकांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, म्हणजे पत्रकं, शिबिरं आणि रुसलेल्यांच्या समजुती. चौदा तारखेला तुमच्या शाखेत येतेय. पुढच्या रांगेत बस आणि भांडू नकोस.

एक गोष्ट आधीच सांगते. काका आमचे बाइंडर होते तेव्हा कारकून पुस्तकाच्या नोंदीखाली शेरा टाकायचे, ‘बांधणी: खळकाका’. हे शेरे नव्या प्रणालीत येणार नाहीत. ते नाव शोधून तू त्यांचं एकेक पुस्तक वाचतेस, हे मला माहीत आहे. म्हणून त्या सगळ्या पुस्तकांची यादी छापून पाठवते.

माझ्यावरचा राग दोन दिवसांत संपव.

तुझी पुतणी,
बारकी


९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो हो करून सुटतेस, म्हणून लिहिते.

यादी पाठवू नकोस. कपाटात यांचा चष्मा आहे, दाभण आहे, तेवढं पुरे. यांचं नाव तिथेच हवं, जिथे कुणालाही सापडेल.

मी शाळेत गेले नाही. हे सुटी पानं घरी आणायचे आणि चिकटवायची खळ वाळेपर्यंत मी ती चाळायची. गोष्टीचा शेवट आधी, सुरुवात चार दिवसांनी, अशी वाचायला शिकले. हे गेल्यावर शाखेतल्या संगणकात यांचं नाव टाकलं, तर पडदा भरून पुस्तकं आली. घरात सगळे यांचं नाव घ्यायचं टाळत होते, त्या यंत्राने टाळलं नाही. तेव्हापासून एकेक घेते. संपू नयेत म्हणून सावकाश वाचते.

चौदाला येते. भांडणार नाही असं वचन देत नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी काकू


१७ फेब्रुवारी

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

शिबिरात तू उठून आमच्या साहेबांना विचारलंस, की माणूस गेला म्हणून त्याचं कामही गेलं का. ते अजून विचारतात, ती बाई कोण. मी सांगितलं, माझी सख्खी काकू.

पण मी हरले. ते म्हणतात, शेरे आणायचे तर ‘पान फाटलेलं’ आणि ‘चहाचा डाग’ हेही आणावं लागेल. एका माणसासाठी वेगळा नियम नाही. आणि तू तर मी शिकवलेलं काही ऐकलंच नाहीस. वाचक स्वतः पुस्तकाला एखादा शब्द जोडू शकतो, तो भाग सांगत होते तेव्हाही तू साहेबांकडेच डोळे वटारून बघत होतीस.

माझ्याशी बोलणं मात्र सोडू नकोस.

बारकी


८ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

डोळे साहेबांकडे होते, कान तुझ्याकडे.

एक तारखेला सकाळीच गेले. यांचं नाव टाकलं. ‘काहीही आढळले नाही.’ आत तुटलं, खोटं कशाला बोलू.

मग उठून फडताळांकडे गेले. यांना तपकिरी आणि हिरवा सारखेच दिसायचे, आठवतं ना? वाचनालयाच्या बांधणीला तपकिरी कापड लागायचं, हे तपकिरी म्हणून हिरवं आणायचे आणि दुकानदार हसायचा. त्या तपकिरी रांगांत यांची हिरवी पाठ लांबून ओळखू येते. गुडघा पेलेल तेवढी पुस्तकं काढून संगणकापाशी नेते आणि ‘वाचकाचा शब्द’ या चौकटीत एका बोटाने टाइप करते, खळकाका.

शाखेच्या बाईंनी साहेबांचा निरोप दिला. तिथे पुस्तकाचा विषय लिहायचा असतो, माणसाचं नाव नाही. मी म्हटलं, “त्यांना सांगा, माझा विषय हाच आहे.”

काल पुन्हा नाव शोधलं. अर्धा पडदा भरला.

साहेबांना पुसायचं असेल तर त्यांनी खुशाल पुसावं. माझी रोजची दुपार मोकळीच असते.

तुझ्या मायेची सवय झालीय, ती मोडू नकोस.

काकू