रविवारी पाहिलेला फ्लॅट

४ जानेवारी, रविवार
भाड्याने द्यायला फ्लॅट घेतला, आज किल्ली हातात आली. आजपासून मी घरमालक. घाई अजिबात केली नाही. तीन वेळा जाऊन पाहिला, तिन्ही वेळा रविवारी, उगाच रजा का वाया घालवावी? कमालीची शांतता. कर्जासाठी राहतं घर गहाण ठेवलंय, त्यामुळे सही करताना बायकोने कागद दोनदा वाचले. तिला समजावलं, हप्ता भाड्यातून परस्पर जाईल, आपल्याला कळणारसुद्धा नाही. नवशिक्यांनी लक्षात ठेवावं: घर भावनेच्या भरात घेऊ नये.

५ जानेवारी, सोमवार
कुलूप बदलायला गेलो. फ्लॅटच्या बरोबर खाली ग्रिलचं वर्कशॉप आहे. रविवारी शटर बंद असायचं, मला वाटलं गोडाऊन असेल. लोखंड कापायला लागले की खिडकीच्या काचा थरथरतात. असो. जो भाडेकरू येईल तो दिवसा ऑफिसातच असणार.

१० जानेवारी, शनिवार
एजंटने एक जोडपं आणलं. इथे फार शांतता आहे, असं त्याला तीनदा ओरडून सांगावं लागलं. ते बेडरूमपर्यंत पोचलेच नाहीत. यापुढे फ्लॅट फक्त रविवारी दाखवायचा.

१८ जानेवारी, रविवार
जमलं! एक शिक्षिका. घरून ऑनलाइन क्लास घेतात. नेहमी एवढी शांतता असते का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी आलो तेव्हा तरी असतेच. यात खोटं काही नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
शिक्षिका परवा राहायला आल्या, आज गेल्या. फोनवर काही बोलल्या नाहीत, फोन नुसता जमिनीला लावून धरला. डिपॉझिट परत. बायकोला सांगितलं, मीच जरा चोखंदळपणा करतोय.

९ फेब्रुवारी, सोमवार
वर्कशॉपवाल्याला भेटलो. लोखंड जरा हळू कापता येईल का, म्हणून. त्याने चहा पाजला. म्हणाला, दादा, बावीस वर्षं इथे आहे, तुमच्या आधीचे मालकही असेच चहाला यायचे. माणूस चांगला आहे. ओळख झाली, हे काय थोडं झालं?

४ मार्च, बुधवार
बँकेचं पत्र. दोन हप्ते थकले, राहत्या घरावर कारवाई करू म्हणतात. मी ते उशीखाली ठेवलं आणि बायकोने चादरी बदलल्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पत्र घडी घालून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, अहो, हे घर जाणार का? मी म्हटलं, छे. मला भीती वाटतेय. लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

१५ मार्च, रविवार
एजंट एका तरुण जोडप्याला घेऊन आमच्याकडे किल्ली न्यायला आला. बायकोने पाणी दिलं. ती मुलगी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, काकू, हेच घर भाड्याने मिळेल का? मी हसलो. बायको हसली नाही. म्हणाली, मिळेल.

१ एप्रिल, बुधवार
सामान हलवलं. आता आम्ही वर्कशॉपच्या डोक्यावर. भाड्यातून हप्ता परस्पर जातोय, म्हणजे मूळ योजना शंभर टक्के यशस्वी, फक्त घरांची अदलाबदल झाली. हे बायकोला सांगितलं. तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

१२ एप्रिल, रविवार
पहिली तक्रार: स्वयंपाकघरातला नळ गळतो. भाडेकरूच्या तक्रारीची दखल लगेच घ्यावी, चांगल्या घरमालकाची हीच ओळख. वॉशर घेऊन तासाभरात पोचलो. आमच्याच दाराची बेल वाजवली. चपला बाहेर काढा, म्हणाले. काढल्या. नळ दुरुस्त झाल्यावर ती मुलगी म्हणाली, काका, तुमच्यासारखे तत्पर मालक मिळायला नशीब लागतं.

घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं. कुठला नळ, तिने विचारलं. ओट्यावरचा. ती सहा वर्षं ज्याच्याखाली रोज फडकं ठेवायची, तो.

किती वेळ लागला, म्हणाली. मी म्हटलं, पाच मिनिटं. मग ती रडायला लागली.